पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

"डावीकडे खाली आहे," मी उंबऱ्यातून म्हटलं.

"किती?"

"बोटभर."

आईने ओठांत धरलेली टाचणी काढून ब्लाउजला लावली, पडद्याची डावी बाजू जरा वर घेतली आणि मागे न बघताच विचारलं, "आता?"

"आता उजवी खाली वाटते."

"उजवी जिथल्या तिथं हाय. तुझी मान वाकडी हाय."

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशीची दुपार होती. दरवर्षी त्या रविवारच्या आधी आई घरातले सगळे पडदे बदलायची. त्या दिवशी मी नगरहून सकाळच्या गाडीने बेलापूरला येत असे. नगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, शनिवारी रजा टाकायला अडचण येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्टुलावर चढू नये, असं मी एकदाच बोलले होते. आईने मुकाट्याने पडदा माझ्या हातात दिला. माझा लावून झाल्यावर तितक्याच मुकाट्याने तो काढला आणि स्वतः लावला. तेव्हापासून स्टूल तिचं आणि उंबरा माझा.

सगळं मनासारखं झालं की ती खाली उतरायची, पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "कसं दिसतं?"

"सरळ आहे," मी म्हणायचे.

एवढ्यावर आमचं भागत असे. आमच्या घरात कौतुकाची रीत नव्हती. बाबा शिक्षक होते. ते शाबासकीसुद्धा वहीच्या कोपऱ्यात लाल शाईने देत, तोंडाने नाही.

आमच्या घरात दुकानातून आणलेला एकही पडदा नव्हता. अभ्रे, टेबलावरचं कापड, टीव्हीवरचं आच्छादन, खुर्च्यांच्या पाठीवरच्या झालरी, सगळं जुन्या लुगड्यासाड्यांचं, ओढण्यांचं, कधी कुणाच्या कोटाच्या अस्तराचं. आणि प्रत्येकाला नाव. ज्या बाईचं कापड, तिचं नाव. लहानपणी माझ्या मैत्रिणी घरी आल्या की गोंधळून जायच्या. "रजियाला उन्हात टाक, दमट झालीय," असं आई म्हणायची आणि मी पलंगावरची जांभळी उशी अंगणात नेऊन ठेवायचे. खरी रजिया, म्हणजे शेजारची रजियामावशी, कुंपणापलीकडून ओरडायची, "आपा, मला कशाला उन्हात घालता? मी आधीच काळी." त्या उशीचं कापड तिच्या निकाहच्या ओढणीचं, आतला कापूस तिच्या नवऱ्याच्या गादीच्या दुकानातला.

एकदा मी ग्रंथालयात आलेलं एक गुळगुळीत कागदाचं मासिक आईला दाखवायला आणलं होतं. जुन्या कापडांनी घर कसं सजवावं यावर त्यात पानंच्या पानं होती. फोटो सुंदर होते. आईने चष्मा लावून एकेक पान निरखलं. शिलाई चांगली आहे म्हणाली. मग मासिक मिटून परत देताना म्हणाली, "ह्यांच्यात कोण कुणाचं ते लिहिलेलं न्हाई."

त्या दुपारी स्टुलावरून उतरून ती माझ्या शेजारी आली, पण नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही. म्हणाली, "ओळखलंस का?"

पडदा पांढरा होता. आमच्या घरात पांढरं कापड कुठेच नसे. आई मिशनच्या दवाखान्यात शिवणखोलीत होती, निवृत्त होईपर्यंत. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे झगे, आणि ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठी शेवटचं कापड. आयुष्यभर पांढरं शिवलं, निदान डोळे मिटताना तरी समोर रंग दिसू दे, असं ती गमतीने म्हणायची. त्यामुळे मला आधी काहीच कळेना. मग किनारीकडे लक्ष गेलं. चंदेरी, बारीक पानांची किनार. बाबांच्या टेबलावरच्या लग्नाच्या फोटोत हीच किनार आईच्या कपाळावरून खाली आलेली होती.

"आई, ही लग्नातली?"

"मग. आणि खाली बघ."

खालच्या बाजूला तिने वीतभर रुंदीची पट्टी जोडली होती. तुकड्यातुकड्यांची. त्यात जांभळा रजियामावशीचा होता, हिरवा आजीच्या नऊवारीचा होता, एक चौकडीचा माझ्या शाळेच्या गणवेशाचा.

आमच्या आळीत जुन्या बायका लग्नाची पांढरी साडी जपून ठेवतात. ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्या घालून. लग्नात नेसायची आणि मग शेवटच्या दिवशी. हा काही चर्चचा नियम नाही, पण नियमापेक्षा घट्ट आहे. मिशनच्या काळातल्या कुणीतरी सुरू केलं आणि मग ते तसंच चालत आलं.

"आत्याला कळलं तर?" मी म्हटलं.

स्टेलाआत्या, बाबांची धाकटी बहीण, सोनईला असते. तिची साडी ट्रंकेत कुठल्या बाजूला आहे हेही तिने आपल्या सुनेला दाखवून ठेवलेलं आहे.

"स्टेलाला कळंल तव्हा कळंल." आई खुर्चीवर बसली आणि गुडघे चोळू लागली. "जेने, ह्या आळीतल्या किती बायांना मी नेसवली ठाऊक हाय का? कुणी गेलं की मला बोलावणं. ट्रंक उघडायची, साडी काढायची, आणि हातात घेतली की घडीघडीवर टर्रकन. इतकी वर्षं एकाच घडीत पडलेलं कापड. तुझ्या आजीची तर निऱ्या घालताना हातातच आली. वरून दिसू नये म्हणून सगळ्या टाचण्या. कापडाला वारा पाहिजे, माणसाचा हात पाहिजे."

"म्हणून पडदा?"

"म्हणून पडदा. पश्चिमेची खिडकी हाय. संध्याकाळी ऊन आलं की बघ. पांढरी राहत न्हाई ती."

मी सहज विचारावं तसं विचारलं, "मग तुला काय नेसवायचं?"

ती हसली. "ते तू बघ. मी काय आरशात बघणारे?"

मग मी पडद्याचं नाव विचारलं. ते तर ठरलेलंच, अशा आवाजात ती म्हणाली, "मरियम." तिचं स्वतःचं नाव.

तेवढ्यात दारात रंगुबाई आली. रंगुबाई बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणं हा तिचा धंदा, आणि तिच्या मते आईने तो पार उलटा करून टाकला होता. पाटी खाली ठेवता ठेवता ती मला सांगू लागली, "लोकं कापडं देऊन भांडी घेत्यात. तुझी आई भांडी देऊन फाटकी लुगडी घेती. आमच्या धंद्याला ही बया लई उफराटी भेटली. माझ्याकडनंच घेतलेली परात मलाच परत दिली, बोल."

आईने गाठोडं सोडलं. तिची एक अट असायची, नाव सांगितल्याशिवाय ती चिंधीसुद्धा घ्यायची नाही. रंगुबाईला ते आता पाठ झालं होतं. ही टाकळीच्या मास्तरणीची, ही कारखान्यावरच्या मुकादमाच्या बायकोची. आईने एक पिवळी बाजूला काढली, दुसरी परत ठेवली आणि चहा टाकायला उठली.

"ती निळी काय केली गं मरियमबाई?" रंगुबाईने विचारलं. "अकोल्याच्या मुक्ताबाईची?"

"झाली. उद्या चर्चला नेसते."

"नेसती? मला वाटलं उशा करती."

आईने आतून ती आणून दाखवली. गर्द निळी सुती साडी, काठ आंब्याच्या रंगाचे. मधला विरलेला भाग तिने कापून टाकला होता आणि दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडली होती. याला दंड घालणं म्हणतात. पूर्वी घरोघर असायचं, आता ते गरिबीचं लक्षण समजतात. रंगुबाईने त्या जोडावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"लागत न्हाई हाताला," ती म्हणाली. "मुक्ताबाई लेकीकडं आलीय ऱ्हायाला, इथंच. सांगते तिला, तुझी साडी चर्चला निघालीय म्हणून. खूश होईल म्हातारी."

संध्याकाळी ऊन पडद्यावर यायच्या वेळेला आभाळ भरून आलं. कालव्याच्या बाजूने वारा सुटला, पडदा नुसता हलत राहिला, करड्या उजेडात करडाच. आई खुर्ची खिडकीसमोर ओढून बसली होती. थोडा वेळ वाट बघून ती उठली. "उद्या बघू," म्हणाली आणि निळ्या साडीला इस्त्री करायला गेली.

सकाळी चर्चची पहिली घंटा झाली तरी तिच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. एरवी पहिल्या घंटेला ती तयार होऊन माझ्या नावाने शंख करीत असायची. मी दार ढकललं. ती कुशीवर होती, गालाखाली हात. खुर्चीच्या पाठीवर निळी साडी, तिच्यावर रुमाल आणि गीतांचं पुस्तक. मी हाक मारली. मग हात लावला.

डॉक्टर आले, पहाटे झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. त्रास झाला नसणार, असंही म्हणाले. मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. थोड्या वेळाने आमच्या दारावरून मुलांची मिरवणूक गेली, हातात झावळ्या, तोंडाने होसान्ना. पुढच्या कुणालातरी कळलं असावं, कारण आमच्या फाटकाशी गाणं एकदम थांबलं आणि पावलांचा आवाज तेवढा पुढे गेला.

रजियामावशी सगळ्यांच्या आधी आली. तिने चुलीवरचं दूध उतरवलं, जे मी ठेवल्याचं मला आठवतही नव्हतं.

उन्हाचे दिवस, त्यामुळे दफन त्याच दिवशी चारला ठरलं. दुपारी सोनईहून आत्या आली. तिचा मुलगा सुनील गाडी लावत होता तोवर ती आत येऊन आईच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग डोळे पुसून उठली आणि कामाला लागली. आळीतल्या बायका भिंतीकडेने बसल्या होत्या. शेवटचं न्हाऊ घालून नेसवायचं काम कुणी करायचं, यावर त्यांची हळू आवाजात बोलणी चालली होती. आजवर तो प्रश्न कधी पडला नव्हता. ते आईच करायची.

"ट्रंक कुठंय?" आत्याने विचारलं.

ट्रंकेत बाबांचा कोट होता, माझा बाप्तिस्म्याचा झगा होता, डांबरगोळ्यांचा वास होता. आत्याने एकेक वस्तू बाहेर काढली. तळाचं वर्तमानपत्रसुद्धा उचललं.

"साडी कुठं गेली, जेनी?"

मी खिडकीकडे बघितलं. मग तिनेही बघितलं.

ती खिडकीशी गेली आणि चंदेरी किनार दोन बोटांत धरली. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "दादानं मला नेलं हुतं नगरला, कापडबाजारात. ही किनार मी पसंत केली." मग खालची रंगीत पट्टी बघितली, पडद्याचे कापून केलेले दोन वेगळे पाट बघितले. "कापली?"

"हो."

"कधी?"

"या आठवड्यात. काल लावली."

आत्याने बाहेर हाक मारली. "सुनील, स्टूल घे. काढ हा पडदा." आणि माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "अजून वेळ हाय. दोन्ही पाट जोडू आपण. नेसवता न्हाई आली तर वरून घालू. खालचं रंगीत उसवून टाकू. सगळ्या आळीला हिनं पांढरं नेसवलं, आणि हिला तसंच न्यायचं?"

सुनील स्टूल घेऊन आला. आदल्या दिवशी आई ज्यावर उभी होती तेच. त्याने एक पाय वर ठेवला.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. बायका माझ्याकडे बघू लागल्या. आत्या ओसरीवर गेली आणि तिथे बसलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून आली. कापडाबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही, घरच्यांनी ठरवावं, पण चारला निघायला हवं, असं ते म्हणाले. घरची म्हणजे मी. दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी आतल्या खोलीत गेले. तिथे बसून थोडा विचार करीन असं वाटलं होतं, पण विचार करण्यासारखं काही नव्हतं. खुर्चीवरची साडी उचलली आणि बाहेर आणली.

आत्याने तिची घडी उलगडली. दंडावर तिचा हात थांबला. "ही तर जोडलेली हाय."

"हो."

"कुणाची?"

"बोहारणीकडून घेतलेली."

"जेनी." तिने साडी मांडीवर ठेवली. "लेक कॉलेजात नोकरीला. आणि आईला दुसऱ्या बाईची, दंडाची साडी. लोकं तुला काय म्हणतील ते सोड, मला तोंड दाखवायचंय. माझ्या भावाची बायको ही."

भिंतीकडच्या एकीने मान हलवली. रजियामावशी तेवढी म्हणाली, "आपाला सफेद नको असायचा. मला म्हणायच्या त्या." पण तिचा आवाज इतका लहान होता की तो माझ्यापर्यंतच पोचला.

मी आत्याशेजारी जमिनीवर बसले. मोठ्याने बोलायचं माझ्यात बळ नव्हतं. म्हटलं, काल रात्री तिने स्वतः हिला इस्त्री केलीय. आज ती हीच नेसून चर्चला जाणार होती. मी ठरवलेलं नाही, तिनेच ठरवलंय. आणि पडद्याचं म्हणशील तर तो काल तिच्या हाताने तिने लावलाय. मी तो काढू देणार नाही.

आत्या मांडीवरच्या साडीकडे बघत होती.

"तिने काल मला आजीच्या वेळचं सांगितलं," मी म्हटलं. "निऱ्या घालताना साडी हातात आली ते."

आत्याने वर बघितलं. आपल्या आईचं ते कुणाला ठाऊक नसेल असं तिला वाटत असावं. ती म्हणाली, "टाचण्या मी देत हुते. एकेक करून. मरियम बोलली, स्टेला, रडू नको, आधी टाचणी दे." तिने निळ्या साडीचा काठ हाताने सारखा केला. दंडावरून बोट फिरवलं, आदल्या दिवशी रंगुबाईने फिरवलं तसंच. टाके शोधत असल्यासारखं.

मग तिने विचारलं, "नाव काय त्या बाईचं?"

"मुक्ताबाई. अकोल्याची."

"बरं." आत्या उठली, पदर खोचला. "निऱ्या मी घालते. दंड आत जाऊ दे. पाणी तापलं का बघा कुणीतरी."

सुनीलने स्टूल भिंतीशी सरकवलं.

आम्ही तिघींनी केलं सगळं, आत्या, रजियामावशी आणि मी. आत्याच्या हातून निऱ्या एकसारख्या पडल्या. कापड कुठेही ओढलं गेलं नाही, एकही टाचणी लागली नाही. आई चर्चला निघाल्यासारखी दिसत होती. चंदेरी किनार खिडकीत होती, आणि तिच्या अंगावर आंब्याच्या रंगाचे काठ.

दफनभूमी कालव्याच्या पलीकडे आहे. तिथे फाटकाबाहेर रंगुबाई उभी होती, पाटी नाही, गाठोडं नाही. तिच्या शेजारी एक वाकलेली, अगदी लहानखुरी म्हातारी होती, नाकात मोठी नथ. झाकण अजून न लावलेली शवपेटी जवळून गेली तेव्हा म्हातारीने आतला निळा रंग बघितला. तिने हात जोडले नाहीत. स्वतःच्या पदराचा काठ तेवढा घट्ट धरून उभी राहिली. मी ओळखलं, पण बोलायला गेले नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली होती.

परत आल्यावर आत्या फार थांबली नाही, अंधाराच्या आत सोनईला पोचायचं होतं. गाडीत बसताना तिने माझा हात धरून ठेवला. मला वाटलं ती सांत्वनाचं काही बोलेल. ती म्हणाली, "घरी गेले की माझी बाहेर काढून बघते. घड्यांवर कशी झालीय कुणास ठाऊक."

रजियामावशीने जेवण पाठवते म्हणून सांगितलं आणि तीही गेली. मी फाटक लावलं, चपला काढल्या आणि आत जाताना सवयीने उंबऱ्यातच थांबले.

आभाळ स्वच्छ होतं. ऊन पश्चिमेच्या खिडकीत आलेलं होतं आणि पडद्याच्या दोन्ही पाटांतून आत उतरत होतं. तो पांढरा राहिला नव्हता. आधी पिकलेल्या पेरूच्या गरासारखा, मग बघता बघता केशरी. चंदेरी पानं एकेक वेगळी दिसत होती. खालच्या पट्टीतला जांभळा, हिरवा, माझ्या गणवेशाचा चौकडा, सगळ्यांचे रंग फरशीवर सांडले होते आणि आईच्या रिकाम्या खुर्चीच्या पायांपर्यंत आले होते. वारा आला की ते हलत होते.

उजवी बाजू अजून जराशी खाली वाटत होती. स्टूल भिंतीशी होतं. मी ते घेतलं नाही.

मी ऊन उतरेपर्यंत तिथेच उभी राहिले, माझ्या जागेवर. शेजारची जागा मोकळी सोडून. मग घरात कुणी नव्हतं तरी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"सुंदर दिसतंय, आई. सगळं घर सुंदर दिसतंय."